ताठा

सकाळी सहाला मी उठते, पाय साडेसातला.
मधला दीड तास मी त्यांच्याकडे बघते
आणि ते छताकडे,
अंगठे वर करून, कडक.
मग डावा गुडघ्यात मोडायचा, दोन्ही हातांनी,
झोपलेलं परक्याचं पोर उचलावं तसा, सांभाळून.
तेवढ्यात उजवा त्याच्यावर चढतो. कात्री होते.
कात्री सोडवायची.
पुन्हा होते.

पाण्यापलीकडे साकुराजिमा खोकतो.
वारा आज कागोशिमाकडे;
दोरीवरच्या चादरींवर, स्कूटरच्या सीटवर, मांजरावर राख.
महापालिकेच्या पिवळ्या पिशवीत भरून ती कोपऱ्यावर ठेवायची असते.
पूर्वी अख्खी गल्ली झाडायचे मी.
आता दारापुढच्या तीन फरश्या.
चौथीवर पाऊल उचलत नाही, घसटतं,
आणि चपलेचं टोक राखेत रेघ ओढत जातं.
शेजारचे इवाकिरी रेघ बघून ओळखतात,
"चिझुरु-सान, आज जरा लांबलीय."

डॉक्टर तोरिगोए गुडघ्यावर हातोडी मारतात
आणि चटकन बाजूला होतात.
पहिल्या वेळी बाजूला झाले नव्हते.
चवडा जमिनीला टेकला की टाच आपली आपण नाचते,
शिवणयंत्राची पायटी जशी.
चाळीस वर्षं शाळेचे गणवेश शिवले मी,
यंत्र कुठे थांबवायचं ते माझ्याइतकं कुणाला कळणार,
पण याला चाकच नाही हात ठेवायला.

गोळ्या वाढवून बघितल्या.
ताठा गेला,
आणि बेसिनपाशी उभ्या उभ्या मी खाली,
ओल्या टॉवेलसारखी.
तेव्हा कळलं, कापड कधीच विरलं होतं,
नुसत्या खळीवर उभी होते मी.
आता अर्धीच गोळी घेते.
अर्धा ताठा ठेवून घेतलाय.
बाईमाणसाला ताठा नसावा म्हणायची आई.

आई रताळ्याच्या शेतातून धावत यायची,
हाताची माती तशीच, गुंड्या चालता चालता सोडत.
मी शेंडेफळ, म्हणून सहा महिने जास्तच पाजलं मला.
दुधातून काय येतंय तिला माहीत नव्हतं,
त्याला तेव्हा नावसुद्धा नव्हतं.
तिचे स्वतःचे पाय शेवटपर्यंत खणखणीत.
त्रेचाळीस वर्षं ते माझ्या मणक्यात गुपचूप बसून होतं,
मग एक दिवस ट्रामची पायरी उंच झाली.

आईचं दूध प्यालेली आहे मी, पोटभर.
म्हणूनच पुढे येता येत नाही.
पुढे यायला मला कठडा लागतो.

आणि मीही पाजलं. अकरा महिने, मिझुहोला.
गरोदरपणातल्या तपासणीचा कागद घेऊन ती आली,
टेबलावर ठेवला, चहा केला, कप धुतले.
मी म्हणाले, मला माहीत नव्हतं.
ती म्हणाली, माहीत आहे गं.
एवढंच. खिडक्या लावून घेतल्या, राख येत होती.

कोहारु आता तीन महिन्यांची आहे.
डबा उघडायचा, सपाट चमचे मोजायचे,
मनगटावर थेंब टाकून बघायचा. हे हातांचं काम,
हात माझे अजून माझं ऐकतात.
मिझुहो दुसऱ्या खोलीत छाती घट्ट बांधून झोपायची
सुरुवातीच्या दिवसांत. दार लावून.
मी त्या दारावर कधी टकटक केलं नाही.

बाटली संपते. कोहारु मांडीवर.
चवडा जमिनीला लागतो
आणि सुरू होते टाच,
थडथड थडथड, मांडी हलते, मांडीवरची ती हलते,
डोळे जड होतात तिचे.
मी काही करत नाहीये, खरंच.
टाच थांबली की ती ओठ काढते.
मी चवडा पुन्हा टेकवते.

झोपली.
आता हिला कोण घेणार?
मला जायचंय, आत्ताच्या आत्ता जायचंय,
आणि संडास अजून अकरा पावलं लांब.